करड्या रंगाचं बटण

दहा वर्षांची मुलगी आईला एकदाही उलट बोलली नाही, यात मला नऊ महिने काहीच वावगं वाटलं नाही. उलट ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना मी ते कौतुकाने सांगत होते. त्यांच्या मुली दार आपटत होत्या, माझी दुधाला कधी नको म्हणत नव्हती.

आमची शर्वरी तोंडाने बोलत नाही. जन्मताना तिच्या मेंदूला थोडा वेळ प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून मेंदूने सोडलेला हुकूम अंगापर्यंत पोचतो खरा, पण वाटेत त्याचा गुंता होतो. पेला धरायचा म्हटलं की हात एकीकडे निघतो, मान दुसरीकडे. कळतं मात्र सगळं. ती सहा वर्षांची होईपर्यंत हे मी बार्शीतल्या प्रत्येक दवाखान्यात आणि तीन शाळांत सांगितलं. तिसऱ्या शाळेतल्या मोमीन मॅडमनी ते ऐकलं आणि पहिलीच्या वर्गात खिडकीजवळ तिच्या चाकाच्या खुर्चीला जागा करून दिली. चौथीपर्यंत त्याच तिच्या वर्गशिक्षिका राहिल्या.

मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. कुठे शिकायला गेले नाही. जुने ब्लाउज उसवून, तुकडे जमिनीवर मांडून, हे असं का कापलं असेल याचा विचार करत शिकले. शर्वरीलाही मी तशीच शिकले, असं माझं मत होतं. तिच्या मानेच्या एका झटक्यावरून मला कळायचं की पंखा लावायचाय. लोक थक्क व्हायचे, आणि लोक थक्क झाले की मलाही बरं वाटायचं.

मग कंठी आली.

पुण्यातल्या एका संस्थेचे डॉक्टर टिल्लू ती घेऊन आले. तिशीतला सडपातळ माणूस, खुर्चीच्या कडेवर बसायचा, जणू कोणी उठवेल. त्यांनी मला समजावलं ते असं. अशा मुलांचा आवाज फुटत नाही, पण बोलायची इच्छा झाली की गळ्याच्या, जबड्याच्या, जिभेच्या मुळाशी असलेल्या स्नायूंत विजेचे बारीक तरंग उठतात. तेच पुन्हा म्हणायचं असेल तर तरंगही साधारण तसेच उठतात. कंठी म्हणजे गळ्यात बांधायचा पट्टा, त्यात सोळा ठिकाणी ते टिपायची सोय होती. पण तरंगाला अर्थ चिकटून येत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो. म्हणून शर्वरीने काही ‘म्हटलं’ की कंठी खूण करणार, आणि आईने घरी, शिक्षिकेने शाळेत, खुर्चीला लावलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं त्या खुणेचं छोटं चित्रीकरण फोनवर पाहून, एकमेकींना न विचारता, तिला काय म्हणायचं होतं ते नोंदवायचं. दोघींचं जुळलं की यंत्र तो धडा पक्का करणार. पुरेसे धडे झाले की कंठी स्वतःच बोलू लागणार. आणि तरंग अस्पष्ट असला, तर वेळ काय, जागा कोणती, मागे अशा वेळी काय नोंदलं होतं, यावरून ती अंदाज बांधणार.

“तुम्ही नुसत्या आई नाही,” टिल्लू सर म्हणाले, “तुम्ही या संशोधनात भागीदार आहात.”

भागीदार हा शब्द ऐकून धनंजय, म्हणजे माझा नवरा, आतून बाहेर आला. त्याला वाटलं मी कोणाबरोबर दुकान काढतेय. तो एसटीत कंडक्टर आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचा थांबा आधी कळलेला बरा वाटतो.

नोंदीसाठी फोनवर रंगीत बटणं होती. ‘हवंय’, ‘नको’, ‘दुखतंय’, ‘शांत आहे’, अशी बरीच, आणि खाली आपले शब्द लिहायला जागा. सगळ्यात शेवटी एक करड्या रंगाचं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं ‘माहीत नाही’. टिल्लू सरांनी दोनदा सांगितलं की ते बटण सगळ्यात महत्त्वाचं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आई आहे मी, मला माहीत नसेल तर कोणाला असणार?

पाच महिन्यांनी कंठी बोलली. आवाज माझ्या भाचीचा होता, तिच्याकडून तासभर वाचून घेऊन तो तयार केला होता. “आई, पाणी.” मी शिवत होते. सुई बोटात गेली आणि मी तशीच बसून रडले.

त्यानंतर शर्वरी दिवसागणिक जास्त बोलायला लागली. आणि गोड बोलायला लागली. वर्गात तपासणीला साहेब आले तर म्हणाली, “या, बसा. चहा घेणार का?” अख्खा वर्ग लोळला. एका मुलीचा फ्रॉक काखेत फाटला होता, तिला म्हणाली, “उसवलंय बघ, आण इकडे.” मोमीन मॅडमनी मला हे फोनवर हसत हसत सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, आईवर गेलीय अगदी. मीही हसले. शेजारपाजारच्या सगळ्यांचं हेच मत पडलं, आईवर गेलीय. दहा वर्षांची मुलगी पंचेचाळीस वर्षांच्या बाईसारखी बोलते याचं कोणालाच काही वाटलं नाही, कारण आईवर जाणं ही आपल्याकडे तक्रार करायची गोष्ट नाही.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात नवा नियम आला होता. पाचवीला मोठ्या शाळेत नेहमीच्या वर्गात जागा हवी, तर अशा मुलाचा संवाद-गुणांक ऐंशीच्या वर पाहिजे. नाहीतर घरपोच शिक्षण. म्हणजे आठवड्यातून एकदा कोणीतरी येणार, अर्धा तास बसणार, सही घेऊन जाणार. शर्वरीचा गुणांक, म्हणजे शंभरात जुळलेल्या नोंदी, होता चौऱ्याण्णव. सगळ्या प्रकल्पात तोच वरचा. समितीसमोर प्रात्यक्षिक ठेवायला तिचीच निवड झाली. सोमवारी प्रात्यक्षिक, त्याच दिवशी प्रवेशाचा निर्णय.

त्याच्या आठ दिवस आधीच्या रविवारची गोष्ट. धनंजय शर्वरीला घेऊन भगवंताच्या देवळाकडे फिरायला गेला होता. कंठीचा पट्टा घामाने चिकट झाला होता, म्हणून मी तो पुसून, वाळावा म्हणून शिलाई मशीनच्या दांड्यावर, मोटरजवळ टांगला आणि एका साडीला फॉल लावायला बसले. मोटर गरम झाली होती, दांडा थरथरत होता. बाहेरच्या घड्याळात चार झाले.

“आई, भूक लागली,” कंठी म्हणाली.

मी सवयीने ‘आले हं’ म्हणून उठले. दोन पावलं टाकली. मग थांबले. खुर्चीची जागा रिकामी होती.

मी परत बसले आणि मशीन पुन्हा चालू केली. पायाखालची कळ जरा दाबली, जरा सोडली. “आई, पंखा लाव ना.” पुन्हा दाबली. “मी शांत आहे.” कंठी मोटरच्या विजेला तरंग समजून अंदाज बांधत होती. माझ्याच घरात माझी शिलाई मशीन माझ्या मुलीच्या तोंडचं सगळं बोलत होती, आणि शब्द नीट ऐकले तर ते तिचेही नव्हते. चार वाजता तिला भूक लागते असं मी नोंदवलं होतं. तीनशेहून जास्त वेळा. ती सहा वर्षांची असताना तिला चारला भूक लागायची. नंतर लागते का, हे मी तपासलंच नव्हतं. बायका मापाला जुनं ब्लाउज देतात ना, तसं. अंग बदललेलं असतं, पण माप म्हणून तेच पुढे करतात, आणि मग काखेत आवळतं म्हणून माझ्याशी भांडतात.

तरी एक आशा होती. दुसरी नोंद मोमीन मॅडमची होती. आम्ही दोघी वेगवेगळ्या बसून सारखंच लिहीत असू, तर काहीतरी खरं असणारच. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं.

त्यांनी आधी टेबलावरचे खडू डब्यात भरले. मग म्हणाल्या की शरूची आई, तुम्ही रागावू नका. वर्गात चाळीस मुलं. कधीकधी त्यांना काही कळायचं नाही, तेव्हा त्या माझी नोंद उघडून पाहायच्या. ती दिसायची सोय फोनमध्ये होती, चुकून राहिली असेल. पुढे पुढे त्या आधीच पाहायला लागल्या.

“तुम्ही आई,” त्या म्हणाल्या. “तुमच्यापेक्षा वेगळं लिहायचं म्हणजे तुमचं चुकलं म्हणायचं. ते मला बरं नाही वाटलं हो.”

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. चार वर्षांत या बाईंनी माझ्या मुलीचं नाक पुसलं होतं, सहलीला बसमध्ये मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि त्यांनी चूक केली होती ती माझा मान राखायला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर स्वतःला समंजस म्हणवून घेतलं असतं.

टिल्लू सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मशीनचं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग त्यांनी सांगितलं की जुळणारी नोंद हाच या यंत्राचा पाया. दुसरी नोंद पहिलीवरून उतरवलेली असेल तर जुळणी चौऱ्याण्णव नाही, शून्य. यंत्र शर्वरीला शिकलंच नाही. ते आईला शिकलं. सगळे धडे पुसून पुन्हा सुरुवात करावी लागेल, आणि सहा महिने कंठी मुकी राहील. मी विचारलं, आणि प्रवेश? ते म्हणाले, प्रवेशाची तारीख त्यांच्या हातात नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले की ते काही लपवणार नाहीत, अहवालात लिहिणारच, पण अहवाल महिनाअखेरीला जातो. प्रात्यक्षिक सोमवारी आहे. तोपर्यंत काय करायचं ते भागीदारांनी ठरवावं. भागीदार शब्दाचा असाही उपयोग होतो हे मला तेव्हा कळलं.

धनंजयला सांगितलं तर तो भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, “आधी गाडीत चढू दे की तिला. तिकीट फाडू मागनं. उगी थांब्यावर कशाला भांडायलीस?”

त्याचं चूक नव्हतं. घरपोच शिक्षणाची मुलं मी पाहिली होती. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक मुलगा होता, त्याच्या खिडकीतून दिवसभर टीव्हीचा निळा उजेड दिसायचा. वर्गातला गोंधळ, डबे, एकमेकींच्या वेण्या ओढणं, यातलं काही त्याच्या वाट्याला आलं नाही. शर्वरीच्या वाट्याला आलेलं मी माझ्या हाताने काढून घ्यायचं?

मी ठरवलं, गप्प बसायचं. महिनाअखेरीला जे व्हायचं ते होईल.

पण गप्प बसणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्या आठवड्यात कंठी काहीही म्हणाली की मी हातातलं काम टाकून शर्वरीकडे पाहायचे. “आई, दूध.” हे तिला हवंय, की चौदा महिन्यांपूर्वीच्या मला? मी पेला तिच्या ओठांशी धरायचे, ती प्यायची. तीही काय करणार, पेला आलाच होता. कंठी काढून तिला थेट विचारावं असं दहादा मनात आलं. विचारलं नाही. ती उत्तर देईल, आणि मला ते कळणार नाही, याची भीती वाटत होती. तिच्या जन्मापासून मला खूप गोष्टींची भीती वाटली होती, पण तिचीच भीती ही पहिलीच.

सोमवारी शाळेच्या सभागृहात समिती बसली. अध्यक्ष निंबाळकर मॅडम, पांढरे केस, कडक इस्त्रीची साडी, बाजूला दोघं लिहिणारे. टिल्लू सर भिंतीशी उभे होते आणि रुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. मोमीन मॅडमनी शर्वरीला नवी रिबीन बांधली होती. मी तिच्या खुर्चीमागे.

सुरुवात छान झाली. नाव विचारलं, कंठीने सांगितलं. आवडती भाजी विचारली, कंठी म्हणाली शेवग्याच्या शेंगा. त्या आवडतात मला, तिच्या आईला. निंबाळकर मॅडम हसून म्हणाल्या, वा, किती स्पष्ट बोलते. लिहिणाऱ्यांनी लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, “पाचवीला मोठ्या शाळेत जायचंय ना तुला?”

मी शर्वरीकडे पाहत होते. त्या आठवड्यात मला तिच्याकडे पाहायचं वेडच लागलं होतं. म्हणून मला दिसलं. प्रश्न ऐकून तिची मान हलायला निघाली. डावीकडे, हळूहळू, खालून वर. उजव्या हाताची मूठ सैल व्हायला लागली. ओठ उघडले. अर्ध्या वाटेवर होती ती.

“हो, मला मोठ्या शाळेत जायचंय,” कंठी म्हणाली.

मान तिथेच थांबली. मूठ परत मिटली. खांदे खाली आले आणि तिने नजर मांडीवर टाकली. कोणाला काही दिसलं नाही, टाळ्या वाजत होत्या.

ते खांदे मी ओळखत होते. चौदा महिने ओळखत होते. चित्रीकरणात ते खांदे दिसले की मी हिरवं बटण दाबायचे. ‘शांत आहे.’ नऊशेच्या वर वेळा. ती बोलायला निघायची, तिच्या आधी कोणीतरी बोलून मोकळं व्हायचं, आणि ती सोडून द्यायची. आणि ते सोडून देणं मी शांत म्हणून नोंदवायचे.

मी पुढे झाले आणि तिच्या गळ्यातली कंठी सोडली. बक्कल पटकन निघेना. रोज शेकडो हुक लावणारी बाई मी.

“हे ती नाही बोलत,” मी म्हणाले. “हे मी बोलतेय. माझ्या नोंदी आहेत सगळ्या.”

मग मी सांगितलं. शिलाई मशीनचं, चार वाजताच्या भुकेचं, सगळं. मोमीन मॅडमचं नाव घेतलं नाही, पण त्याच उठल्या आणि म्हणाल्या, दुसरी नोंद माझी होती, मी पाहून लिहिली. टिल्लू सरांनी रुमाल खिशात ठेवला. ते म्हणाले की गुणांक ग्राह्य धरू नये, आणि बोलताना पहिल्यांदाच ते सरळ उभे होते.

निंबाळकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या होत्या, आणि त्यांचा तो हक्क होता.

“मग आता मी कोणाला विचारायचं?” त्या म्हणाल्या.

“तिलाच. फक्त थांबा.”

मी शर्वरीसमोर जमिनीवर बसले, तिच्या नजरेच्या उंचीला. तोच प्रश्न विचारला. मोठ्या शाळेत जायचंय का, शरू? आणि हाताची घडी घातली, कारण माझे हात मोकळे राहिले तर ते तिच्या जागी काहीतरी करतील हे मला माहीत होतं.

हातशिलाईचे टाके मोजतात तसे मी मनात मोजत होते. दहा. वीस. बाहेर कोणीतरी बादली ठेवली. पंचवीसच्या सुमाराला मान निघाली. डावीकडे, खालून वर, मग वळून उजवीकडे. मूठ उघडली, पूर्ण उघडली, बोटं ताणली गेली. आणि गळ्यातून आवाज आला, जाड, ओबडधोबड, लांबलचक. मी तो पूर्वी ऐकला असणार, पण कधी शेवटपर्यंत नाही. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. थेट.

“काय म्हणाली?” निंबाळकर मॅडमनी विचारलं.

दहा वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. तेव्हाही होतं. ‘हो म्हणाली’ एवढे दोन शब्द, आणि कदाचित जागा वाचली असती. मोमीन मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. दारात धनंजय गणवेशातच उभा होता, ड्यूटीवरून आला होता.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

शर्वरीने पुन्हा तोच आवाज काढला. या वेळी मोठ्याने, मला उद्देशून, पाय खुर्चीच्या पट्टीवर आपटत. एवढं तर बार्शीतल्या कोणत्याही आईला कळलं असतं. पोरगी माझ्यावर ओरडत होती.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. कागदावर आलं, गुणांक रद्द, प्रवेश राखून ठेवला, दिवाळीपर्यंत वर्गात बसू द्यावं, त्यानंतर फेरविचार. धनंजय तो कागद वाचून म्हणाला, उभ्याचं तिकीट मिळालंय. मग शर्वरीला म्हणाला, घट्ट धर बाई. दिवाळी जवळ येतेय आणि मला झोप नीट लागत नाही. मोठ्या शाळेत तिला जायचं होतं का, हेही मला अजून पक्कं ठाऊक नाही. ती जाते. कधी खांदे ताठ असतात, कधी नसतात.

कंठी गळ्यात असते, पण मुकी. नोंदी नव्याने चालू आहेत. पाचवीच्या बाई त्यांच्या घरी बसून लिहितात, मी माझ्या. एकमेकींचं दिसायची सोय टिल्लू सरांनी स्वतः येऊन काढली. पहिल्या आठवड्यात आमच्या दोघींच्या नोंदी शंभरात अकरा जुळल्या. ते फोनवर म्हणाले, उत्तम आहे. मी म्हटलं, नापास झाल्यावर पेढे वाटणारे तुम्हीच.

काल रविवार होता. घड्याळात चार झाले. शर्वरी खुर्चीत होती, मी काजं करत होते. सवयीने उठले, दुधाचा पेला भरला, तिच्यासमोर धरला. मग आठवलं, तो खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

बऱ्याच वेळाने तिने मान फिरवली. पेल्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. खिडकीकडे असेल, किंवा मशीनकडे, किंवा भिंतीवरच्या मुंग्यांकडे. कंठीने खूण केली. फोनवर बटणं उजळली.

मी करड्या रंगाचं बटण दाबलं. फोन उपडा ठेवला.

“मग काय हवंय?” मी तिला विचारलं, आणि थांबले.